मोमीन डॉक्टरांची दारू

‘सर, लाईन.’

आमच्या ग्रामीण रुग्णालयात मी डॉक्टर मोमीन यांच्याबरोबर जितकी वर्षं काम केलं, तितक्या वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द हेच असतील. ओपीडीची रांग व्हरांडा ओलांडून हातपंपापर्यंत गेलेली असायची. लेकरं रडत असायची, म्हाताऱ्या भिंतीला टेकून खाली बसलेल्या असायच्या. आणि आत मोमीन सर केसपेपर उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी यकृताचं चित्र काढत बसलेले असायचे. ज्याचं यकृत, तो समोरच्या स्टुलावर डुलक्या घेत असायचा.

मी दारातून म्हणायचे, ‘सर, लाईन.’

‘दोन मिनिटं, सिस्टर. यांचं अर्ध्यावर आलंय.’

माणूस उठून जाऊ नये म्हणून त्यांची एक युक्ती होती. बोलता बोलता ते पेशंटचं मनगट धरायचे. पेशंटला वाटायचं, डॉक्टर नाडी बघतायत, हलायचं कसं? नाडीबिडी काही नसायची. ते त्याला धरून ठेवायचे, एवढंच. एकदा तर औषध पोचवायला आलेल्या माणसाचं मनगट धरून त्यांनी पूर्ण कहाणी सांगितली. तो बिचारा चहासुद्धा न पिणारा.

कहाणी एकच होती. दारू पोटात गेली की पुढं तिचं काय होतं.

आमच्या भागात दारूनं दवाखान्यात येणारे काही कमी नाहीत. मोटारसायकलवरून पडलेले, पोटात पाणी झालेले, उलटीत रक्त आलेले. दुसरे डॉक्टर त्यांना झापायचे, सलाईन लावायचे, मोकळे व्हायचे. मोमीन सर झापत नसत. ‘दारू पिऊ नका’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि त्यावरून बाया त्यांच्यावर फार चिडायच्या. नवऱ्याला कॉलर धरून घेऊन यायचं, ते डॉक्टरांनी त्याला चार खडे बोल सुनवावेत म्हणून. आणि हे त्याला चित्र काढून दाखवणार.

‘शिव्या त्याला घरी रोज भेटतात,’ सर म्हणायचे. ‘आत काय होऊन राहिलं, ते कोणी सांगत न्हाई. प्यायची का न्हाई ते त्याचं त्यानं बघावं. पण ठाऊक तर पाहिजे.’

सरांचे वडील शिंपी होते. त्यामुळे असेल, पण त्यांच्या कहाणीत यकृतात एक कारागीर बसलेला असायचा. सरांनी आधी ‘काळीज’ शब्द वापरून पाहिला होता, पण काळीज म्हटलं की लोक छातीवर हात ठेवायचे आणि एखादी म्हातारी ‘माझं तर काळीजच फाटलंय, डाक्टर’ म्हणून घरचं रडगाणं सुरू करायची. मग सर ‘कलेजी’ म्हणायला लागले. बरगडीखाली बोट खुपसून दाखवायचे. ‘हितं. खाटकाकडं बघता ना, तीच. आपल्यातबी असते. तिच्यात एक कारागीर बसलेला हाय. दारू आली की तो तिला हातात घेतो आन् तिचं विष बनवतो.’

‘विष?’ पेशंट जरा जागा व्हायचा.

‘व्हय. दारूपेक्षा वाईट. डोकं दुखतं, मळमळतं, ते त्याच्यानं. मग शेजारी दुसरा कारागीर बसलेला असतो, तो त्या विषाचा सिरका करतो. सिरका म्हंजे आंबट पाणी. त्याला घाबरायचं काम न्हाई, ते श्वासातून, घामातून, लघवीतून निघून जातं. पण पहिला कारागीर एका येळी एकच काम हातात घेतो. त्याच्याम्होरं ढीग टाकला तरी त्याचा हात काही जलदी चालत न्हाई. लिंबू पिळा, दही खा, डोक्यावर थंड पाणी ओता. लिंबानं तोंड आंबट होईल. कारागिराला त्याचं काय?’

इथपर्यंत यायला दहा मिनिटं जायची. बाहेर हातपंपाजवळ भांडणं लागायची. ती सोडवायला मी.

कनेरगाव नाक्यावरचा एक ढाबेवाला होता. पोट पुढं आलेलं, डोळ्यांत पिवळी झाक. त्यानं छातीठोक सांगितलं, ‘सर, मी दारू पीत न्हाई. फकस्त बिअर घेतो. बिअर म्हंजे जवाचं पाणी.’

सरांचा चेहरा असा खुलला की मी मनात म्हटलं, गेली आजची ओपीडी. त्यांनी मला औषध मोजायचे प्याले आणायला लावले, पाणी आणायला लावलं, आणि ढाबेवाल्याला टेबलावर सगळं मांडून दाखवलं: स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत नशेचं मूळ द्रव्य किती, इंग्लिशच्या दोन पेगांत किती, देशीत किती. बाटलीचा रंग, लेबल, भाव, यातलं कारागिराला काही दिसत नाही. त्याच्या हातात येतं ते एकच द्रव्य. ढाबेवाला नीट ऐकत होता. फार नीट ऐकत होता.

‘म्हंजे सर, बिअर काय आन् देशी काय, आत गेल्यावर सारखंच?’

‘बराबर.’ सर खूश झाले. इतक्या वर्षांत कुणीतरी शेवटचं वाक्य स्वतःहून म्हटलं होतं.

‘मग मी इतकं पाणी पिऊन रातभर उठत काहून बसलो?’

त्या दिवसापासून तो देशी प्यायला लागला. पुढच्या खेपेला आला तेव्हा हे त्यानंच कौतुकानं सांगितलं. सरांनी टेबलावरचे औषधाचे प्याले बाजूला सारले. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘त्यानं ऐकलं तर होतं, सिस्टर.’ मी प्याले उचलले आणि धुवायला गेले. दुसरं काय करणार?

शोभाबाईचं प्रकरण त्याच्यानंतरचं. नवरा गणपत, गवंडीकाम करणारा. एका दुपारी दोघंजण त्याला उचलूनच घेऊन आले. चेहरा, मान, छाती भाजल्यासारखी लाल, घामानं अंग निथळलेलं, छाती इतकी धडधडत होती की शर्ट हलताना दिसत होता. ‘मरून राहिलो, मरून राहिलो’ एवढंच तो म्हणत होता. शोभाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. मला तिच्या डोळ्यांत नवऱ्याच्या काळजीपेक्षा वेगळीच भीती दिसली, म्हणून मी तिला बाजूला घेतलं. तिनं ब्लाउजमधून एक पुडी काढली. बसस्टँडवर बसणाऱ्या एका माणसानं दिली होती. भाजीत मिसळायची, नवऱ्याला कळू द्यायचं नाही, दारू आपोआप सुटते.

सरांनी आधी गणपतला नीट केलं. ऑक्सिजन, सलाईन, पाय वर करून ठेवले, उलटी आवरली. त्याचं बीपी जागेवर येईपर्यंत त्याच्यापासून हलले नाहीत. अशा वेळी त्यांचे हात फार भराभर चालायचे, हे मला मान्य केलंच पाहिजे. मग शोभाबाईकडं वळले. मला वाटलं, आता तरी झापतील.

त्यांनी तिचं मनगट धरलं.

‘ही पुडी दुसऱ्या कारागिराचे हात बांधून ठेवते, बाई. पहिल्यानं विष बनवलं, आन् पुढं घ्यायला कोणी न्हाई. ते साचलं, साचलं, आन् त्यानं ह्याचं असं केलं. अशी दवा असते. आमीबी देतो. पण पिणाऱ्याला सांगून देतो. त्याला न सांगता दिली आन् तो पिला, तर तो जीवानं जातो.’

‘मला सुटावी असं वाटलं, डाक्टर.’

‘मला ठाऊक हाय.’

‘तुमी त्याला बोलतच न्हाई काही. मग मी काय करावं?’

सर गणपतची सलाईन बघायला वळले. मला मात्र शोभाबाईचं पटलं होतं. मी ते तोंडावर बोललेही, ‘सर, एकदा जरा आवाज चढवा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.’ ते म्हणाले, ‘आवाज चढवल्यावर लोक आवाज ऐकतात, सिस्टर. बात ऐकत न्हाईत.’ असल्या वाक्यांवर काय बोलायचं? पुढं गणपतला राजीखुशीनं, समजावून, तीच दवा सुरू केली. काही महिने त्यानं घेतली. मग सोडली.

आता दत्ताचं सांगते.

निवडणुकीचे दिवस होते. मतदानाचा आदला दिवस, त्यामुळे दारूची सगळी दुकानं बंद. दत्ता आणि त्याचा साडू बालाजी फर्निचरला पॉलिश मारायचं काम करायचे. सकाळी ओपीडी सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, बालाजी दत्ताला हाताला धरून घेऊन आला. दत्ता धापा टाकत होता. माझ्याकडं तोंड करून, पण माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘सिस्टर, ट्यूब बंद करा ना. समदं पांढरं दिसून राहिलं. कापसात बसल्यावानी.’

ट्यूब बंदच होती.

मी सरांना हाक मारली. ते समोरच्या माणसाचं मनगट सोडून उठून आले. दत्ताच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, त्याचा श्वास मोजला आणि बालाजीकडं वळले. ‘काय पिलं?’ बालाजी स्वतःच झुलत होता. दोघांनी मिळून पॉलिशचं स्पिरिट पाण्यात घालून प्यायलं होतं, काल संध्याकाळी. निम्मं निम्मं.

‘तुला दिसतंय का नीट?’

‘मला काय झालंय? चकाचक दिसतंय.’

‘तू अजून काय पिलास?’

बालाजी लाजला. त्याच्याकडं लपवलेली देशी होती. दत्ताला कळू न देता त्यानं स्पिरिटच्या आधी घेतली होती, नंतर घेतली होती, सकाळी उठूनही घेतली होती.

सरांनी डोळे मिटले. मग मला म्हणाले, ‘सिस्टर, सोडा बायकार्ब काढा. नांदेडला फोन लावा, डायलिसिस लागणार दोघांना. आन् दारू पाहिजे.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फळीवरच्या स्पिरिटच्या बाटलीकडं माझा हात गेला. ‘ते न्हाई,’ सर ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. ‘त्यात काय मिसळलंय काय ठाऊक. प्यायची दारू. सीलबंद.’

मग घाईघाईत, मी दत्ताच्या हाताची शीर शोधत असताना, त्यांनी मला सांगितलं. तेवढं एकदाच मी ‘सर, लाईन’ म्हटलं नाही. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये असते तीही दारूच, पण वेगळ्या जातीची. ती स्वतः फारशी वाईट नाही. पण तोच पहिला कारागीर तिला हातात घेतो, आणि तिचं शेवटी जे होतं तो सिरका नव्हे. मुंगीच्या चाव्यात असतं तसलं आम्ल होतं. ते रक्तात साचतं आणि आधी डोळ्यांच्या नसा खातं. सावकाश, म्हणून रात्र ठीक जाते आणि सकाळी दिसेनासं होतं. मात्र कारागिरासमोर प्यायची दारू आणि ही दोन्ही ठेवली, तर तो आधी प्यायची दारूच उचलतो. तिच्यात त्याला गुंतवून ठेवायचं. तोवर दुसरी तशीच्या तशी शरीराबाहेर काढायची. बालाजीच्या हावरेपणानं त्याच्या कारागिराला रात्रभर गुंतवलं होतं.

पण दारू आणायची कुठून? दुकानं बंद. सर व्हरांड्यात गेले. रांगेत माणसं होती, पेशंटबरोबर आलेले होते, आमचे कर्मचारी होते.

‘कोणाकडं सीलबंद बाटली हाय का? अर्जंट पाहिजे. दवा म्हणून.’

कुणी हललं नाही. एकजण म्हणाला, ‘आमी पीत न्हाई, सर.’ त्याच्या यकृताचं चित्र सरांनी गेल्याच महिन्यात काढून दाखवलं होतं. दुसरा हातपंपाकडं बघायला लागला. मला सगळं लख्ख कळत होतं, आणि राग येत होता. इतकी वर्षं यांनी प्रत्येकाचं मनगट धरलं होतं. आता हा माणूस स्वतःहून दारू मागतोय म्हणजे काहीतरी डाव असणार, बाटली दिली की तास गेला, असं प्रत्येकाला वाटत होतं.

सरांनाही ते कळलं असावं. त्यांनी हात जोडले. ‘मी काही समजावणार न्हाई. कोणाला काही विचारणार न्हाई. आत एक लेकराबाळाचा माणूस आंधळा होऊन राहिलाय.’

आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर माणिकराव निमूटपणे उठला. मोटारसायकलची डिकी उघडून त्यानं कागदात गुंडाळलेली बाटली आणली. ‘मतदान झाल्यावर प्यायला ठेवली होती,’ तो सरांच्या नजरेला नजर न देता म्हणाला. ‘आज पिलो न्हाई, सर.’ त्याच्यामागं अजून एकजण आला. मग ‘आमी पीत न्हाई’ म्हणणाराही आला.

ज्या मोमीन सरांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता, त्यांनीच बाटलीचं सील तोडलं. वासानं तोंड फिरवलं. मग हिशेब करून दारूत पाणी मिसळलं आणि दत्ताच्या नाकातून घातलेल्या नळीवाटे थोडी थोडी सोडली. बालाजीला प्याला दिला. बालाजी म्हणाला, ‘सर, आता बास झाली. चढली मला.’ सर म्हणाले, ‘पी. थांबू नको.’ मग ते स्वतः अँब्युलन्समध्ये बसून नांदेडपर्यंत गेले.

दोघंही वाचले. बालाजीला काहीच झालं नाही. दत्ताची नजर कडेकडेनं परत आली, मधली आली नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं तो सांगायचा.

आणि गावानं यातून काय घेतलं? तर डॉक्टर मोमीन म्हणतात, देशी प्यायल्यानं डोळे वाचतात.

आठवडाभरात हे सगळ्या तालुक्यात झालं. मोबाईलवर फिरलं. मोतीबिंदूचा म्हातारा येऊन हसत हसत म्हणाला, ‘एक क्वार्टर लिहून द्या, सर.’ मी सरांना हात जोडून सांगितलं, गप्प बसा, विसरतील लोक. पण गप्प बसतील तर ते मोमीन सर कसले? ते गावोगाव फिरायला लागले. नरसी, हट्टा अशा गावांत बोलले. एका गावच्या ग्रामसभेत मी बरोबर होते. फळ्यावर दोन्ही कारागीर काढून त्यांनी तासभर समजावलं. आभार मानायला सरपंच उठले. म्हणाले, ‘तर डॉक्टरसाहेबांनी आपल्याला लई मोलाची माहिती दिली. कोणी चुकून स्पिरिट पिलं, तर लगेच वरून देशी घ्यावी.’ टाळ्या झाल्या.

‘दवाखान्यात यावं,’ सर खुर्चीतून ओरडत होते. ‘दवाखान्यात यावं, असं सांगितलं मी.’ माईक सरपंचांकडं होता.

येताना जीपमध्ये ते म्हणाले, ‘निम्मं तर बरोबर सांगितलं त्यांनी.’ मी खिडकीबाहेर बघत बसले. 

दत्ताकडं मात्र ते नेमानं जायचे. एकदा मीही गेले होते. दत्ता ओट्यावर बसून सोयाबीन निवडत होता, बोटांनी. त्यानं विचारलं, ‘सर, मी त्याच्यापेक्षा कमी पिलो. मग माझे डोळे काहून गेले? त्याचे काहून न्हाई?’

सरांनी सवयीनं त्याचं मनगट धरलं आणि सुरू केलं, कारागीर एकच असतो, त्याच्याम्होरं दोन दारू आल्या की… तेवढ्यात दत्ताची बायको दारात आली. ती रागावली नव्हती. थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘नका सांगू, सर. आयकलं की तो रातभर त्येच बोलत बसतो. बालाजीनं मला एक घोट दिला असता तर, म्हणून.’

सरांनी मनगट सोडलं. चहा आला, तो आम्ही प्यायलो. दत्ता पुढचं ऐकायची वाट बघत होता.

निवृत्तीनंतर ते वसमतला घरी गेले. दोनेक वर्षांत कळलं की सरांचं यकृत खराब झालंय. जुना मधुमेह, वाढलेली चरबी, त्यातून हळूहळू दगडासारखं घट्ट झालेलं. दारू न पिणाऱ्यांचंही तसं होतं, हे आम्हा दवाखान्यातल्या लोकांना माहीत असतं. पण आमच्याच इथला कंपाउंडर मला डोळा मारून म्हणाला, ‘लपून घेत असणार. इतकी माहिती उगं होते का कोणाला?’ मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी भेटायला गेले तेव्हा सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. हातपाय काटकीसारखे, पोट फुगलेलं, आणि आवाज तसाच. येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावत होते म्हणे. चरबी कशी साचते, दारूचा थेंब न घेता यकृत कसं जातं. जितकं समजावतील तितकी लोकांची खात्री पक्की होत होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे मला स्वयंपाकघरात सांगितलं. सांगताना त्या रडल्या. ‘इनसे चुप बैठा नहीं जाता,’ म्हणाल्या.

मी पलंगाशी येऊन बसले, तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी आली. सरांच्या आईची मैत्रीण, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती. त्या पलंगावर टेकल्या, सरांच्या पोटाकडं बघितलं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, ‘बेटा, जो पी लिया सो पी लिया. अल्ला माफ करनेवाला है. अब मत पी.’

माझं डोकं फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडं न बघता चादरीवरचं एक बोट उचललं, थांबा म्हणून.

‘नै पीता, खाला,’ ते म्हणाले. ‘छोड दी.’

‘वादा?’

‘वादा.’

खालांनी डोळे पुसले. दुआ पुटपुटून सरांच्या तोंडावर फुंकर घातली, माझ्या गालाला हात लावला आणि भिंतीच्या आधारानं उठल्या.

त्या जिना उतरेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग म्हटलं, ‘सर, अख्ख्या जिल्ह्याला सांगत फिरलात. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनासुद्धा धरून ठेवून सांगितलं. आणि जिला सांगायला पाहिजे होतं, तिच्यापुढं हे असं? आता ती घरोघर सांगणार.’

‘सांगू दे.’

‘सांगू दे काय, सर?’

ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. खाली गल्लीत खाला एका दाराशी थांबल्या होत्या, आतल्या बाईशी काहीतरी बोलत होत्या आणि वर खिडकीकडं बोट दाखवत होत्या. चेहरा हसरा होता.

‘बघा सिस्टर,’ सर म्हणाले, ‘किती खूश झाली.’

खालांनी वर बघितलं. सरांनी उशीवरून जरा उठायचा प्रयत्न केला, तेवढं जमलं नाही, म्हणून नुसता हात वर करून हलवला. मी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पुढं धरलं, म्हातारीला नीट दिसावेत म्हणून.